घाटातली स्कूटर, बर्फातली स्लेड आणि चार ग्रॅमचा प्रश्न

भाच्याचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये बसलो होतो. स्कूटरचं डावं कव्हर काढलेलं, नटबोल्ट जुन्या पेपरवर ओळीने मांडलेले. भाचा कॅनडात, कॅल्गरीत असतो. गेल्या वर्षी त्याने तिथे सेकंडहँड माउंटन स्नोमोबिल घेतली. बर्फावर चालणारी, पुढे दोन स्की आणि मागे रबरी पट्टा असलेली गाडी. तिकडे तिला नुसतं ‘स्लेड’ म्हणतात.

“मामा, चारशे डॉलरचं क्लच किट मिळतंय. घेऊन टाकू का? सगळे म्हणतात गाडी वेगळीच होते.”

मी बर्फ पाहिलाय तो एकदाच, गुलमर्गला, भाड्याचे बूट घालून. पण त्याने कॅमेरा गाडीच्या पोटात वळवला आणि मला हसू आलं. दोन पुल्या आणि मधे एक रुंद बेल्ट. माझ्या समोर पेपरवर तेच पडलं होतं, फक्त आकाराने लहान. म्हटलं, थांब, आधी हे बघ, मग तुझ्या चारशे डॉलरचं बोलू. पुढचा तासभर जे बोलणं झालं, ते इथे जरा नीट मांडून लिहितो. कारण नाशिकमध्ये स्नोमोबिल कुणाकडे नसली तरी गिअर नसलेली स्कूटर घरोघरी आहे, आणि ‘पिकअप वाढवणारं किट’ विकणारे इथेही कमी नाहीत.

दोन बशा घ्या आणि पाठीला पाठ लावून धरा. मधे इंग्रजी व्ही आकाराची खाच होते. पुली म्हणजे हेच. बेल्ट त्या खाचेत बसतो. बशा एकमेकींपासून लांब असतील तर बेल्ट खोल, मध्याजवळ फिरतो. बशा जवळ दाबल्या की खाच अरुंद होते आणि बेल्ट कडेकडे वर चढतो. बेल्टची लांबी काही बदलत नाही, त्यामुळे पुढच्या, म्हणजे इंजिनाकडच्या पुलीवर तो वर चढला की मागच्या, म्हणजे चाकाकडच्या पुलीत त्याला खाली उतरावंच लागतं. पुढे लहान गोल, मागे मोठा गोल, म्हणजे पहिला गिअर. पुढे मोठा, मागे लहान, म्हणजे टॉप गिअर. मधे पायऱ्या नाहीत, नुसता उतार आहे.

ही कल्पना मोटारीत रुजवली ती हॉलंडच्या डाफ कंपनीने, १९५८ साली. आपल्याकडे ती स्कूटरमधून आली. १९८४ मध्ये पुण्याच्या फिरोदियांनी होंडाबरोबर कायनेटिक होंडा काढली, तेव्हा डाव्या मुठीत गिअर पिळायची सवय असलेल्या माणसांना ‘ही गाडी आपली आपण गिअर कशी टाकते’ याचं फार अप्रूप वाटायचं. आमच्या वडिलांचा तर शेवटपर्यंत तिच्यावर विश्वास बसला नाही.

तर ती आपली आपण गिअर टाकते ती अशी. पुढच्या पुलीच्या आत, उतरत्या घळींमध्ये, नायलॉनच्या कवचातले लहान गोल रोलर असतात, बहुतेक स्कूटरमध्ये सहा. इंजिन फिरू लागलं की रोलर बाहेर फेकले जातात. उसाच्या गाड्यावरचं चाक जोरात फिरवलं की रसाचे थेंब बाहेर उडतात, तसंच. बाहेर जाताना ते घळीच्या उतारावर चढतात आणि बशीला दाबतात. बेल्ट वर सरकतो, गाडी वरच्या गिअरकडे जाते. मागच्या पुलीत एक जाडजूड स्प्रिंग उलट जोर लावत असते. तिला कॉन्ट्रा स्प्रिंग म्हणतात. ती मागच्या बशा मिटून धरते, म्हणजे गाडीला खालच्या गिअरमध्ये ओढते. ही सरळसरळ रस्सीखेच आहे. पुढे वजनं, मागे स्प्रिंग. आणि ही रस्सीखेच किती आरपीएमवर, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर बरोबरीत सुटते, तेवढंच काय ते क्लच किट, म्हणजे बदलायच्या वजनांचा आणि स्प्रिंगांचा संच, ठरवतं.

हे वाक्य मी भाच्याला दोनदा ऐकवलं. किट इंजिनाची ताकद वाढवत नाही. जी ताकद आहे ती ज्या आरपीएमला मिळते, तिथे इंजिनाला धरून ठेवतं. ११० सीसीच्या साध्या स्कूटरची पूर्ण ताकद साडेसात ते आठ हजार आरपीएमच्या आसपास निघते, साधारण आठ हॉर्सपॉवर. भाच्याच्या ८५० सीसी टू-स्ट्रोक स्लेडची निघते आठ हजारांच्याच जवळपास, पण ती साधारण १६५ हॉर्सपॉवर. आकडा तोच, घोडे वीसपट. चढावर इंजिन सात हजारांवर लोळत असेल तर त्या घोड्यांतले बरेचसे तबेल्यातच उभे आहेत. आणि साडेआठ हजारांवर किंचाळत असेल तरी तेच. आवाज वाढतो, ओढ घटते.

आता माझी स्वतःची फजिती सांगायला हरकत नाही. मागच्या नवरात्रात आम्ही दोघं स्कूटरवर सप्तशृंगीला निघालो. दिंडोरी, वणी करत नांदुरीपर्यंत सगळं ठीक. नांदुरीहून गडावर चढणारा घाट साधारण दहा किलोमीटरचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वळणानंतरच गाडी दम टाकायला लागली. बायको म्हणाली, मी उतरून चालते. मागून ट्रॅक्स भरून येणारे लोक बघत होते. परत आल्यावर मी तावातावाने ऑनलाइन ‘रेसिंग किट’ मागवलं. मूळच्यापेक्षा दोन-दोन ग्रॅम हलके रोलर, वर १५०० आरपीएमची, म्हणजे जास्त कडक, कॉन्ट्रा स्प्रिंग. बसवलं. घाटात गाडी खरंच सुसाट गेली. पण सपाट रस्त्यावर पन्नासच्या वेगाला पिठाच्या गिरणीसारखी घरघरायला लागली. हलके रोलर बशीला पुरेसे दाबतच नव्हते, त्यामुळे बेल्ट वर चढायलाच तयार नाही. ॲव्हरेज लिटरमागे आठ-नऊ किलोमीटरनी खाली आलं, आणि मी रोज जातो तो रस्ता सिडको ते सातपूर एमआयडीसी, तिथे कुठला आलाय घाट?

आमचे फिटर पंचवटीत बसतात. त्यांनी माझे जुने काढलेले रोलर बघायला मागितले. मी डबीतून काढून त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी एक बोटांत धरून उजेडाकडे केला. गोल असायला हवा तो रोलर एका बाजूने चपटा झाला होता, जसा फार दिवस वापरलेला साबण. “हा घरंगळत नाही साहेब, घसरतो आणि अडकतो,” ते म्हणाले. चढावर वेग पडला की रोलरने आत यायला पाहिजे, म्हणजे गाडी खालच्या गिअरला येते. चपटा रोलर घळीत अडकून राहतो, गाडी वरच्याच गिअरमध्ये कुथत राहते. वर बेल्टही झिजून अरुंद झालेला. तो मागच्या पुलीत खाली बसतो, म्हणजे पहिला गिअरच पूर्ण मिळत नाही. कंपनीचेच नवे रोलर आणि नवा बेल्ट घातला असता तर गड आरामात चढलो असतो. किटचे पैसे गेले ते गेलेच.

त्या किटचे सहा रोलर मी नंतर सराफ बाजारात ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर घालून बघितले. त्याने आधी माझ्याकडे, मग रोलरकडे बघितलं, पण वजन करून दिलं. सहाच्या सहा वेगळे. सर्वांत हलका आणि सर्वांत जड यांच्यात अर्ध्या ग्रॅमच्या वरचा फरक. फिरणाऱ्या भागात असा फरक म्हणजे थरथर आणि एकाच बाजूची झीज. तेव्हापासून किट दाखवणाऱ्याला माझा पहिला प्रश्न ठरलेला: सगळी वजनं एकमेकांशी जुळवलेली आहेत का? विकणाऱ्याला या प्रश्नाचा राग आला तर तेही उत्तरच असतं.

भाच्याला म्हटलं, म्हणून तू आधी बेल्टची रुंदी मोज, बुशिंग (पुलीच्या आतल्या, झिजणाऱ्या नळ्या) ढिली आहेत का बघ, स्प्रिंग दमली आहे का बघ. सेकंडहँड गाडी आहे. आधीच्या मालकाने काय उद्योग करून ठेवलेत तेही कळेल. त्याने उघडली तर मागच्या पुलीत कंपनीची नसलेली स्प्रिंग निघालीच.

स्कूटर आणि स्लेड यांत एक मोठा फरक आहे आणि तो न कळल्यामुळे ‘क्लच’ शब्दाचा घोळ होतो. स्कूटरमध्ये बेल्ट उभ्या गाडीतही फिरतच असतो. खरा क्लच वेगळा, मागच्या पुलीला लागून. त्याचे शू बाहेर फाकून डब्याला घासतात तेव्हा चाक फिरतं. त्या शूंच्या तीन बारीक स्प्रिंगा आणि मोठी कॉन्ट्रा स्प्रिंग, दोन्हींवर १०००, १५०० असे आकडे असतात आणि दुकानात लोक हमखास एकीच्या जागी दुसरी मागतात. बारक्या स्प्रिंगा गाडी कधी सुटायची ते ठरवतात, मोठी स्प्रिंग गिअर कधी बदलायचा ते. स्लेडमध्ये शू वगैरे भानगडच नाही. पुढची पुली हाच क्लच. गाडी उभी असताना तिच्या बशा इतक्या लांब असतात की बेल्ट सैल राहतो. साधारण तीन ते चार हजार आरपीएमच्या दरम्यान बशा बेल्टला चावतात आणि गाडी सुटते. म्हणून तिकडे पुढच्या पुलीला प्रायमरी क्लच आणि मागचीला सेकंडरी क्लच म्हणतात, आणि ‘क्लच किट’ म्हणजे या दोघांतली वजनं, स्प्रिंगा आणि हेलिक्स, म्हणजे मागच्या पुलीतला तिरका काप.

रोलरच्या जागी स्लेडमध्ये बहुतेक वेळा कोयत्यासारख्या वाकड्या धातूच्या वजनी पट्ट्या असतात. फिरताना त्या उघडतात आणि बशीला ढकलतात. त्यांचं वजन हाच सगळ्यात मोठा हुकमाचा पत्ता. जड केलं तर गिअर लवकर वर जातो, आरपीएम खाली. हलकं केलं तर उलट. किती? हे शाळेतल्या गणिताने काढता येतं. बाहेर फेकणारा जोर वजनाच्या पटीत आणि आरपीएमच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणजे ७० ग्रॅमची पट्टी ६६ ची केली, वजन पावणेसहा टक्के घटलं, की तोच जोर मिळायला आरपीएम जवळपास तीन टक्के वाढावे लागतात. आठ हजारांवर ते झाले दोनशे-अडीचशे. पट्टीचा आकार कसा आहे, वजन टोकाला आहे की बुडाशी, यावर हे थोडं इकडेतिकडे होतं. पण चार ग्रॅम म्हणजे चेष्टा नव्हे एवढं कळायला हा हिशेब पुरे.

आणि डोंगर मधे येतो तो इथेच. उंचीवर हवा विरळ. साधारण दर तीनशे मीटरला इंजिनाची तीन टक्के ताकद जाते असा ढोबळ नियम आहे. आपल्या घाटांत हा मुद्दा फारसा नाही. नाशिक सहाशे मीटरवर, गड बाराशेच्या आसपास. माझ्या स्कूटरला त्रास उंचीचा नव्हता, चढाचा आणि डबलसीटचा होता. भाचा जातो रेव्हलस्टोकला. ते गाव साधारण ४८० मीटरवर, म्हणजे आपल्यापेक्षाही खाली, आणि स्लेड चालवायच्या जागा दोन हजार मीटरपर्यंत. दीड हजार मीटरची चढाई म्हटली तर पंधरा टक्के ताकद गेली. १६५ चे १४० उरले. फ्युएल इंजेक्शन पेट्रोलचं प्रमाण जुळवून घेतं, पण नसलेली हवा ते कुठून आणणार? पायथ्याला बरोबर असलेली वजनं वर जड पडतात, इंजिन दबतं. म्हणून चांगल्या किटबरोबर उंचीचा तक्ता येतो: अमुक उंचीपर्यंत इतके ग्रॅम, त्यावर इतके. काही पट्ट्यांना भोकं असतात आणि त्यात बारीक स्क्रू घालून-काढून वजन बदलता येतं. तक्ता नसलेलं किट म्हणजे मापं न घेता शिवलेला सदरा.

याला अपवाद टर्बोचा. स्की-डू या स्नोमोबिलच्या ब्रँडने कारखान्यातूनच टर्बो बसवलेली टू-स्ट्रोक माउंटन स्लेड विकायला काढली. टर्बो हवा कोंबून भरतो, त्यामुळे उंचीवर ताकद बरीचशी टिकते. अशा गाडीला बिनटर्बोचं किट घातलं तर इंजिन बेफाम वर जाईल. भाच्याची बिनटर्बोची आहे, पण त्याला दाखवलेल्या किटच्या पाकिटावर दोन्हींसाठी चालेल असं लिहिलं होतं. मी तिथेच कान टवकारले.

प्रायमरी स्प्रिंगवर दोन आकडे असतात, समजा १२०/३४०. हे पौंडांत. पहिला म्हणजे सुटताना किती जोर, दुसरा म्हणजे बशा पूर्ण मिटल्यावर किती. पहिला वाढवला की गाडी जास्त आरपीएमला, झटका मारून सुटते. ऐकायला छान. पण खोल, पिठासारख्या मऊ बर्फात झटक्याने सुटलेला पट्टा पुढे जायच्या ऐवजी खाली खणतो, आणि अडीचशे किलोची गाडी स्वतःच्या खड्ड्यात बसते. गोदाकाठच्या वाळूत बाइकचं मागचं चाक पिळून बघितलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको. स्प्रिंगच्या रंगावर जाऊ नये हेही त्याला सांगितलं. एका कंपनीची निळी आणि दुसरीची निळी यांचा एकमेकींशी काही संबंध नसतो. आकडे विचारायचे.

मागच्या पुलीतला हेलिक्स हा मला सगळ्यात आवडणारा भाग, कदाचित मी लेथवर काम केलंय म्हणून. मळसूत्रासारखा तिरका काप असतो. स्कूटरमध्येही असतो, मागच्या पुलीच्या नळीवर तिरप्या खाचा आणि त्यात पिना. गाडीवर भार आला की हा तिरका काप बशांना आणखी घट्ट मिटवतो, म्हणजे चढ लागला की गाडी आपोआप खालच्या गिअरला येते. तिकडे याला बॅकशिफ्ट म्हणतात. कापाचा कोन मोठा असेल तर गाडी भरभर वरच्या गिअरला जाते. कोन लहान असेल तर खाली पटकन येते आणि आरपीएम धरून ठेवते. मोकळ्या, लांब चढावर सुसाट जाणाऱ्याला मोठा कोन परवडतो. भाचा झाडांमधून, तिरक्या उतारावरून, थ्रॉटल सोडत-दाबत जातो. त्याला बॅकशिफ्ट पाहिजे. हे दुकानदाराला त्याने सांगितलंच नव्हतं. त्याला फक्त गाडीचं मॉडेल विचारलं गेलं होतं. स्वतःचं वजन किती, पट्टा १५४ इंची की १६५, त्याचे दात किती उंच, बहुतेक वेळ किती मीटरवर असतोस, हे न विचारता किट देणारा माणूस चष्म्याचा नंबर न तपासता चष्मा विकतोय. आणि तू त्याला उलट विचार, म्हटलं: हे किट माझ्या इंजिनाला किती आरपीएमवर धरणार, सुटणार कितीला, आणि कोणत्या नंबरच्या बेल्टवर हे जुळवलंय? बेल्ट बदलला की सगळं गणित हलतं.

“आणि घातल्यावर बरोबर बसलं की नाही कसं कळणार?” हा त्याचा सगळ्यात चांगला प्रश्न.

एक, आरपीएमचा काटा. बेल्ट गरम झाल्यावर, नेहमीच्या उंचीवर, चढावर पूर्ण थ्रॉटल देऊन किती आरपीएम ठरतात ते बघायचं. कंपनीने दिलेल्या आकड्याच्या वर गेले तर वजन वाढवायचं, खाली राहिले तर घटवायचं. सपाटीला बरोबर आणि चढाला पडतात असं असेल तर वजनांना हात लावू नये. दोष मागच्या स्प्रिंगमध्ये किंवा हेलिक्समध्ये शोधावा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की कुठलीने काय केलं ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. साध्या स्कूटरला हा काटा नसतो, पण प्लगच्या वायरला गुंडाळायचे लहान डिजिटल मीटर मिळतात, मी आता तेच लावलंय.

दुसरी युक्ती आमच्या फिटरची. पुढच्या पुलीच्या आतल्या तोंडावर, मध्यापासून कडेपर्यंत स्केचपेनने एक सरळ रेघ ओढायची, कव्हर लावायचं, चक्कर मारून यायचं. बेल्ट जिथपर्यंत चढला तिथपर्यंत रेघ पुसलेली असते. माझ्या रेसिंग किटच्या वेळी रेघेचा वरचा बोटभर तुकडा जसाच्या तसा होता. म्हणजे तो बोटभर टॉप गिअर मी पैसे देऊन घालवला होता.

तिसरी गोष्ट उष्णता. मोठा चढ संपल्यावर इंजिन पूर्ण बंद करायचं, सगळं फिरायचं थांबलंय याची खात्री करायची, आणि मग पुलीला हात लावून बघायचा. चटका बसून हात लगेच मागे येत असेल तर बेल्ट घसरतोय. ताकद बर्फात जायच्या ऐवजी रबर जाळण्यात चालली आहे. बेल्टवरचं संरक्षक कव्हर न लावता मात्र एक मिनिटही इंजिन चालवायचं नाही. आठ हजार आरपीएमला तुटलेला बेल्ट चाबकासारखा येतो. आणि दाबलेल्या स्प्रिंगच्या पुल्या, पुली ओढून काढायचा पुलर, स्प्रिंग दाबून धरायचा कॉम्प्रेसर अशी योग्य अवजारं नसताना उघडायच्या नाहीत. हे मी त्याच्या आईच्या वतीने सांगितलं.

मग त्याने पाकीट पुन्हा कॅमेऱ्यासमोर धरलं. तक्ता नाही. हेलिक्सचा कोन लिहिलेला नाही. उंचीच्या जागी फक्त ‘माउंटन’.

शेवटी त्याने किट घेतलं नाही. मागची स्प्रिंग कंपनीची आणून घातली, नवा बेल्ट घातला, बुशिंग बदलली. आधीच्या मालकाने वजनी पट्ट्या बहुधा पायथ्याच्या हिशेबाने घातल्या असाव्यात, कारण पहिल्या चक्करला वर गेल्यावर काटा सात हजार सातशेच्या वर जाईना. भाच्याने प्रत्येक पट्टीतले चार ग्रॅम काढले. परवा रात्री फोटो आला: हातमोजा काढलेली थंडीने लाल झालेली बोटं, पुलीवर काळ्या पेनाची रेघ, कडेपर्यंत पुसलेली. खाली लिहिलं होतं, “मामा, ७९५०. आता अजून एक ग्रॅम काढू का?”

मी लिहिलं, नको. आधी खाली येऊन बघ पायथ्याला किती दाखवते.